करंज, पोंगम, होंगे : एका शिंबावंत वृक्षाचे औषध आणि त्याची नावे

करंजाच्या बियांतील तेलातून मिळणारी दोन प्रमुख स्फटिकरूप द्रव्ये रसायनशास्त्रात करंजिन आणि पोंगामॉल या नावांनी ओळखली जातात. दोहोंच्या रेणूत कार्बनचे अठरा आणि ऑक्सिजनचे चार अणू आहेत. पोंगामॉलमध्ये हायड्रोजनचे दोन अणू अधिक, एवढाच संख्येचा फरक. एकाच बीजातून निघालेल्या या जवळच्या नातलगांची नावे मात्र दोन भाषाकुलांतून आलेली आहेत. करंजिन हे नाव संस्कृत व मराठीला समान असलेल्या शब्दावरून घडले. पोंगामॉल हे लॅटिन प्रजातिनामावरून, आणि ते प्रजातिनाम स्वतः मलबारातील देशी शब्दावरून. बेंगळूरच्या उत्तरेला हेब्बाळच्या परिसरात याच झाडाला होंगे म्हणतात. हा कन्नड शब्द या दोन्ही रासायनिक नावांत दिसत नाही. तो खरोखरच अनुपस्थित आहे का, हा प्रश्न भाषाभ्यासकाचा आहे. आणि वनस्पतीचे नाव रेणूला देताना तिच्याविषयीच्या ज्ञानापैकी किती भाग त्या नावाबरोबर पुढे गेला, हा प्रश्न भाषांतराच्या इतिहासाचा. करंजाच्या बाबतीत हे दोन प्रश्न वेगळे काढता येत नाहीत.

प्राचीन वैद्यकाने या झाडाची दखल घेतली ती प्रामुख्याने कर्माच्या अंगाने. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात औषधींचे जे पन्नास वर्ग केले आहेत त्यांपैकी कंडूघ्न, म्हणजे खाज नष्ट करणाऱ्या, दहा द्रव्यांत नक्तमाल येतो. नक्तमाल म्हणजेच करंज. त्याच दशकात कृतमाल, म्हणजे बहावा, हा दुसरा शिंबावंत वृक्षही आहे. वनस्पतिशास्त्राने ज्यांना पुढे एका कुलात बसवले ते दोघे येथे शेंगेमुळे एकत्र आलेले नाहीत. चंदन, निंब, सर्षप यांच्या पंक्तीत ते बसतात, कारण रुग्णाच्या त्वचेवर त्यांचे काम एक आहे. हे वर्गीकरण वस्तूचे नव्हे, क्रियेचे आहे, आणि म्हणूनच त्यात नावाची सैलपणे ये-जा चालते. करंज हा शब्द निघंटूंत एका झाडापुरता राहत नाही. चिरबिल्व हा काही ठिकाणी त्याचा पर्याय ठरतो, तर काही ठिकाणी वावळ या वेगळ्याच वृक्षाचे नाव होतो. लताकरंज किंवा कंटकीकरंज म्हणजे काटेरी वेलवजा झुडूप, मराठीतील सागरगोटा. मुलींच्या खेळातला हा करडा, टणक बियांचा सागरगोटा हिवतापावरच्या घरगुती औषधांत होता आणि त्याच्या कडू अंशाला बोंड्युसिन हे नाव मिळाले. त्या नावामागे अरबी बुंदुक हा शब्द आहे. त्याचा अर्थ कवचाचे गोल फळ, आणि पुढे गोळी. मराठीतील बंदूक त्याच शब्दापासून फारसीमार्गे आली. औषध, खेळ आणि शस्त्र एका धातूच्या ओतीव नाण्यांसारखी एका शब्दातून निघावीत, असा योग कोशकारांच्या वाट्याला क्वचितच येतो.

मराठीत करंज हा शब्द औषधापुरता मर्यादित नाही. शेंगेच्या किंवा बीच्या अर्धचंद्राकृतीवरून करंजी या पक्वान्नाचे नाव पडले असे सामान्यतः मानतात. कन्नडमध्ये त्याच पक्वान्नाला कर्जिकाई म्हणतात, झाडाला मात्र होंगे. १६३८ साली शहाजीराजांच्या जहागिरीबरोबर बेंगळूरात स्थिरावलेल्या मराठीच्या शेजारी हे दोन शब्द शतकानुशतके नांदत आले, पण एकाने दुसऱ्याला हटवले नाही.

पोंगम हे नाव युरोपच्या कागदावर उमटले ते केरळातून. डच ईस्ट इंडिया कंपनीचा मलबारचा अधिकारी हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड याने सिद्ध केलेला ‘होर्टुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला. त्याच्या १६८६ सालच्या सहाव्या खंडात पोंगमचे वर्णन व चित्र आहे. या ग्रंथाचे मराठी-कोकणी वाचकाला विशेष महत्त्व आहे. त्याच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट या तीन कोकणी वैद्यांचे १६७५ सालचे प्रमाणपत्र नागरी लिपीत छापलेले आहे. इट्टी अच्युदन या मल्याळी वैद्याचे प्रमाणपत्र त्याच्या जोडीला आहे. चित्रांवर मल्याळम, अरबी व नागरी अशा लिप्यांत नावे कोरलेली आहेत. म्हणजे ग्रंथाच्या पानावर भाषा समोरासमोर उभ्या होत्या. ज्याने त्यातले वाचायचे ते त्याने वाचावे. पुढच्या पिढ्यांनी त्यातून एकच नाव उचलले. १७५३ साली लिनियसने झाडाला सायटिसस पिनेटस म्हटले होते. ॲडन्सनने १७६३ मध्ये मलबारी शब्दाला प्रजातीचा दर्जा दिला आणि १८०३ मध्ये व्हान्तना या फ्रेंच वनस्पतिज्ञाने पोंगामिया ग्लाब्रा हे द्विनाम योजले. त्याचे निमित्त होते मालमेझोन येथील सम्राज्ञी जोझेफीनच्या बागेचे. नागरी व अरबी नावे त्या प्रवासात मागे राहिली.

इथे हेब्बाळचे स्थान अनपेक्षितपणे महत्त्वाचे ठरते. तेथील वीरगळ, ज्याचा काळ इसवी सन ७५० च्या सुमाराचा व गंग राजा श्रीपुरुषाच्या कारकिर्दीचा मानला जातो, प्रदेशाचा उल्लेख पेर्बोळल्नाडु असा करतो. पेर् म्हणजे थोर, पोळल् म्हणजे नगर. जुन्या कन्नडमधील शब्दारंभीचा प साधारणपणे दहाव्या ते चौदाव्या शतकांच्या दरम्यान ह झाला. पाल् चे हालु झाले, पू चे हू झाले. पेर्बोळल् चे हेब्बाळ झाले ते याच नियमाने. आणि त्याच नियमाने पोंगे या जुन्या कन्नड रूपाचे होंगे झाले. तमिळ पुंगु, मल्याळम पुंगु व पोंगम आणि कन्नड होंगे ही एकाच द्राविड शब्दाची रूपे आहेत. तेव्हा पोंगामॉल या नावात होंगे अनुपस्थित नाही. ते आपल्या जुन्या रूपात, दक्षिणेकडील भावंडाच्या हातून आलेले आहे. गावाचे नाव आणि झाडाचे नाव एकाच ध्वनिपरिवर्तनाच्या दोन साक्षी आहेत. १८०० ते १८०१ मध्ये म्हैसूर मुलखातून प्रवास करणाऱ्या फ्रान्सिस ब्युकॅननने लोकांच्या तोंडचे ह-काराचे रूप आणि त्या बियांचे तेल नोंदवले. १८०७ च्या त्याच्या प्रवासग्रंथात त्याच्या शेजारी लॅटिन रोबिनिया मिटिस उभे आहे. ह-काराचे ते रूप मात्र विज्ञानाच्या नामावलीत शिरले नाही. ऱ्हीडचा पोंगम सव्वाशे वर्षे आधीच तेथे जाऊन बसला होता.

एकोणिसाव्या शतकात मुंबईने या इतिहासाला नवे वळण दिले. डॉ. सखाराम अर्जुन यांची मुंबईतील औषधिद्रव्यांची सूची १८७९ साली प्रसिद्ध झाली. मुंबईच्या निसर्ग इतिहास मंडळाच्या संस्थापकांत ते होते. विल्यम डायमॉक याने वॉर्डन आणि हूपर यांच्यासह सिद्ध केलेला ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ १८९० ते १८९३ मध्ये आला. डायमॉक मुंबईचा, वॉर्डन कलकत्त्याचा रसायनतज्ज्ञ आणि हूपर निलगिरीतला सिंकोनातज्ज्ञ. या त्रयीने गांधी-पसाऱ्यातले नाव, संस्कृत पर्याय आणि रासायनिक परीक्षण एका नोंदीत आणले. बाजाराच्या भाषेतील नाव आता ग्रंथाला आवश्यक झाले होते. औषधे विकत घ्यायची तर ती दुकानात मागता आली पाहिजेत. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांचे उदाहरण तुलनाकाराला यापेक्षाही बोलके वाटेल. टेनिसनच्या ‘प्रिन्सेस’ या काव्याला ‘इंदिरा’ हे मराठी रूप देणारे हे शल्यवैद्य. बा. दा. बसू यांच्यासह सिद्ध केलेला त्यांचा भारतीय औषधी वनस्पतींवरील ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९१८ साली प्रकाशित झाला. काव्याच्या भाषांतरात पात्रांची नावे बदलण्याची मुभा त्यांनी घेतली. वनस्पतींच्या नोंदीत तोच माणूस प्रत्येक भाषेचे नाव जपून ठेवतो. साहित्येतिहासात कीर्तिकरांचा उल्लेख फक्त पहिल्या कामासाठी होतो, हे न्याय्य वाटत नाही.

या नोंदींतून करंजाचे लौकिक उपयोग स्पष्ट होतात. तेल खरूज, इसब आणि जनावरांच्या त्वचारोगांवर, कोवळी फांदी दातवण म्हणून, बियांची पूड डांग्या खोकल्यात, साल मूळव्याधीवर. शेतकऱ्याच्या दृष्टीने याहून मोठा उपयोग हिरवळीच्या खताचा होता. भातखाचरात होंगेचा पाला तुडवणे ही म्हैसूरची जुनी रीत आहे, आणि दिव्याचे तेल हे आणखी एक. वैद्याचे झाड, दिव्याचे झाड आणि शेतीचे झाड ही तीन वेगळी ज्ञाने होती. त्यांचे वाहकही वेगळे होते.

हेब्बाळला या तिसऱ्या ज्ञानाने संस्थेचे रूप घेतले. १८९९ साली म्हैसूरच्या राजप्रतिनिधी महाराणी केंपनंजम्मण्णी वाणीविलास सन्निधान यांनी तेथे तीस एकर जमीन प्रायोगिक शेतीसाठी दिली आणि लेमान या रसायनतज्ज्ञाच्या नेतृत्वाखाली माती व पीक यांचे प्रयोग सुरू झाले. १९१३ मध्ये कृषिशाळा, १९४६ मध्ये कृषी महाविद्यालय, १९५८ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय आणि १९६४ मध्ये कृषी विज्ञान विद्यापीठ, असा हा क्रम आहे. रसायनशास्त्र हेब्बाळला आले ते मातीच्या वाटेने. औषधाच्या वाटेने येणारे रसायनशास्त्र शहरात, सेंट्रल कॉलेजात होते. दोहोंत मैलांचे अंतर थोडे होते, भाषेचे अधिक.

करंजाच्या बीजाला रेणूचे नाव मिळाले ते मात्र पुण्यात. रानडे औद्योगिक व आर्थिक संस्थेतील डी. बी. लिमये यांनी करंजिन वेगळे काढल्याचे १९२५ च्या भारतीय विज्ञान परिषदेत मांडले. १९३६ साली त्यांनी ‘रसायनम्’ नावाचे नियतकालिक सुरू केले आणि त्याच्या आरंभीच्या पानांत करंजिनाचा विषय घेतला. या शीर्षकाची निवड नीट पाहण्यासारखी आहे. मराठीत रसायन म्हणजे केमिस्ट्री हा अर्थ तोवर रुळला होता. आयुर्वेदाच्या अष्टांगांत रसायन म्हणजे वार्धक्य व व्याधी दूर ठेवणारी चिकित्सा. मजकूर इंग्रजी, आशय जर्मन परंपरेतील कार्बनी रसायनाचा, आणि कपाळावर संस्कृत. लिमयांनी दुसऱ्या एका कृतीला दिलेले निधोन हे नावही अशाच घडणीचे वाटते. रिसॉर्सिनॉलपासून विशिष्ट कीटोने मिळवण्याची ही पद्धत जगभरच्या प्रयोगशाळांत त्याच नावाने ओळखली गेली. त्या संस्थेच्या वास्तूत पुढे पुणे विद्यापीठाचे परकीय भाषांचे वर्ग भरू लागले. शब्दांच्या स्थलांतराचा एक कारखाना बंद होऊन त्याच जागी दुसरा सुरू झाला, असे म्हणायला हरकत नाही.

लिमयांच्या शब्दावर पुढचे काम झाले ते बेंगळूरात. सेंट्रल कॉलेजातील बी. एल. मंजुनाथ आणि त्यांचे सहकारी सीतारामय्या व सिद्दप्पा यांचा करंजिनाच्या संरचनेवरील लेख १९३९ साली ‘बेरिष्टे’ या जर्मन नियतकालिकात आला. फ्लॅवोनच्या सांगाड्याला फ्युरानचे पंचकोनी वलय जोडलेले, ही ती संरचना. होंगे म्हणणाऱ्या शहरात काम करणाऱ्यांनी झाडासाठी पोंगामिया ग्लाब्रा आणि द्रव्यासाठी करंजिन हे शब्द वापरले; त्यांना तिसऱ्या शब्दाची गरज वाटली नाही. नामकरणाचा हक्क शोधाच्या क्रमाने ठरतो, आणि क्रम पुण्याच्या बाजूने लागला होता. यानंतर वॉल्टेअर येथील टी. आर. शेषाद्री यांच्या गटाने १९४० च्या दशकात करंजिनाचे संश्लेषण केले आणि पोंगामॉलचा अभ्यास पुढे नेला. त्यांचे बरेचसे निबंध भारतीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात छापले गेले. ती अकादमी रामन यांनी १९३४ मध्ये बेंगळूरात स्थापन केलेली. तिची वास्तू आज शहरातून हेब्बाळकडे जाणाऱ्या रस्त्याजवळच आहे.

मंजुनाथांनी दुसऱ्या एका शिंबावंत वनस्पतीला नाव दिले तेव्हा मात्र भाषेची निवड उलटी होती. जोइस आणि व्यंकटराव यांच्यासह त्यांनी १९३३ मध्ये बावचीच्या बियांतून वेगळे काढलेले द्रव्य म्हणजे सोरालेन. बावची हा वृक्ष नव्हे, झुडूप. पण तिच्या द्रव्यातही करंजिनासारखेच फ्युरानचे वलय आहे. आयुर्वेदात ती श्वित्रावर, म्हणजे कोडावर, दिली जाते. लेप लावून उन्हात बसवण्याची रीत जुनी आहे. सोरालेन त्वचेवर असताना अतिनील किरण पडले की ते पेशींतील डीएनएला बांधले जाते, हे त्या रीतीमागचे कारण पुढे कळले. इजिप्तमध्ये दुसऱ्या एका वनस्पतीच्या आधारे हीच चिकित्सा १९४० च्या दशकात उभी राहिली आणि १९७४ पासून सोरियासिसवर सोरालेन व किरणे यांचा संयुक्त उपचार रूढ झाला. म्हणजे नावाआधी रीत होती आणि रीतीचे स्पष्टीकरण नावानंतर मिळाले. पण सोरालेन या नावात बावची नाही. त्यात आहे खपलीचा अर्थ देणारा ग्रीक शब्द, तोही पानांवरच्या ग्रंथींमुळे लिनियसने योजलेला. त्याच बीजातील आणखी एका द्रव्याला १९६६ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून गोवर्धन मेहता, उ. रा. नायक आणि सुख देव यांनी बाकुचिऑल हे नाव दिले. बाकुची म्हणजे बावचीचे संस्कृत रूप. पुण्याने दोनदा संस्कृताकडे पाहिले, बेंगळूरने ग्रीकाकडे. दोन उदाहरणांवरून शहरांची प्रकृती ठरवणे धाडसाचे होईल. एवढे मात्र खरे की १९२५ च्या पुण्यात देशी नाव देणे ही स्वाभाविक गोष्ट नव्हती, निवड होती.

त्या निवडीची मर्यादाही पाहावी लागते. करंज हा शब्द संस्कृतात, मराठीत, हिंदीत, बंगालीत चालतो. म्हणून तो राष्ट्रीय म्हणून मिरवू शकला. होंगेला हे शक्य नव्हते. प्रयोगशाळेने तत्सम शब्द स्वीकारला. व्यापाराला तशी अडचण नव्हती. खैराचा कात हे त्याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. गार्सिया द ओर्ताने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या संवादग्रंथात काताची चर्चा केली ती काते या नावाने. मराठी कात, कन्नड काचु आणि मलायी काचू या रूपांच्या परिसरातून युरोपात कॅटेच्यू हा शब्द घडला. त्यावरून कॅटेचिन, आणि १८३९ मध्ये राइन्शने त्याचे ऊर्ध्वपातन करून मिळवलेल्या द्रव्यावरून पुढे कॅटेकॉल. अ‍ॅड्रेनलिन ज्या वर्गात मोडते त्या कॅटेकोलॅमिनांच्या नावातही तोच विड्यातला शब्द आहे. कोकणात ज्या जमातीला कातकरी हे नाव कात काढण्यावरून मिळाले, तिच्या धंद्याचे नाव शरीरशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात पोचले. जमात मात्र त्याच जंगलात कायद्यांनी परकी होत गेली.

आता करंजिन या शब्दाने करंजाच्या औषधाचे काय केले? बीज हे मिश्रण आहे: तेल, करंजिन, पोंगामॉल, कडवट व विषारी अंश. मासे बेशुद्ध करायला ते वापरले गेले आहे आणि कच्ची पेंड जनावरांना सोसत नाही. चरकाच्या यादीत नक्तमाल एकटा नव्हे, नऊ सोबत्यांसह होता. रसायनज्ञाने त्यातला एक अंश शुद्ध केला, आणि शुद्ध अंशाचे नाव झाडाच्या नावावरूनच ठेवल्यामुळे वाचकाला सममूल्यतेचा भास झाला. करंज म्हणजे करंजिन नव्हे. त्वचेवरच्या उपयोगाला आधुनिक चाचण्यांचा आधार अजूनही मर्यादित आहे. उलट करंजिनाचे सर्वांत नेमके ज्ञात झालेले काम वैद्यकातले नाहीच. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील सहरावत, परमार व मुखर्जी यांनी १९७० च्या दशकात दाखवले की ते मातीतील नायट्रीकरण मंदावते. खतातील नत्राचे नायट्रेट हळूहळू झाले की पिकाला ते अधिक काळ मिळते. भातखाचरात होंगेचा पाला व पेंड घालणाऱ्या शेतकऱ्याचे ज्ञान आणि पुण्यातला रेणू येथे प्रथम एका वाक्यात आले. त्या वाक्यात वैद्य नव्हता. धोरणाने पुढे निवड केली ती कडुनिंबाची. २०१५ पासून देशात तयार होणाऱ्या सर्व युरियावर निंबतेलाचे लेपन सक्तीचे झाले.

होंगे हा शब्द परत आला तो इंधनामुळे. भारतीय विज्ञान संस्थेतील उडुपी श्रीनिवास यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस खेड्यातील डिझेल इंजिने होंगेच्या तेलावर चालवून दाखवली. हेब्बाळच्या संस्थेतून वाढलेल्या कृषी विद्यापीठाने २००७ मध्ये हासन जिल्ह्यातील मडेनूर येथे जैवइंधन उद्यान उभे केले. या कामाविषयी इंग्रजीत लिहितानाही होंगे ऑइल असाच प्रयोग रूढ झाला. जो शब्द औषधाच्या रसायनात शिरू शकला नाही, तो दिव्याच्या जुन्या उपयोगातून ऊर्जेच्या परिभाषेत शिरला.

मंजुनाथ हेच ‘वेल्थ ऑफ इंडिया’ या कोशाच्या १९४८ सालच्या पहिल्या खंडाचे संपादक होते. त्या कोशात प्रत्येक नोंदीच्या आरंभी संस्कृत, हिंदी, बंगाली, मराठी, तेलुगू, तमिळ, कन्नड अशी नावांची ओळ येते आणि मग लॅटिन, मग रसायन. ऱ्हीडच्या चित्रांवरील लिप्यांची आठवण व्हावी अशी ही ओळ आहे, फक्त सर्व नावे आता रोमनमध्ये. लॅटिन नावाची स्थिरताही भ्रामकच ठरली: १९७२ मध्ये झाड डेरिस प्रजातीत गेले, १९८९ मध्ये मिलेशियात, आणि क्यूच्या वनस्पतिसूचीत आता पुन्हा पोंगामिया पिनेटा आहे. गेल्या पन्नास वर्षांतील औषधशास्त्रीय निबंध या तिन्ही नावांखाली विखुरलेले आहेत. ते एकत्र शोधायचे तर संशोधकाला लॅटिनपेक्षा करंजिन हा शब्द अधिक उपयोगी पडतो.